हरवलेल्या किकचं माप

शुक्राने काउंटरवर पळसाच्या पानांची पुडी ठेवली आणि वरून बांधलेली वेल दातांनी तोडली. आत मातीचा गोळा होता. मुठीएवढा, वरून चपटा. मधोमध गोल खड्डा आणि खड्ड्याच्या भिंतीवर सगळीकडून बारीक दाते उमटलेले.

उज्वलाने गोळा उचलला आणि बोटाचं टोक खड्ड्यात फिरवलं.

"किकचा शाफ्ट," ती म्हणाली.

"हां. किक गेली."

"मोडली?"

"गळून पडली, ताई. बोल्ट ढिला झाला असंल. वाडीतली सगळी जणं वाट हुडकत फिरली, पार नाल्यापरत. नाय गावली."

"अख्खी किक हरवलीस? चप्पल हरवावी तशी?"

"चप्पल हरवली असती तर बरं झालं असतं," शुक्रा म्हणाला. "अनवाणी चालता येतं."

कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला उज्वलाचं दुकान आहे. दुचाक्यांचे सुटे भाग विकते. नव्या गाड्यांचं सामान कोणाकडेही मिळतं. तिच्याकडे लोक येतात ते जुन्या, उंच, मातीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. या गाड्या इकडे येतात त्या फार्महाऊसवाल्यांबरोबर. दोन-चार पावसाळे चिखलात नाचून झाल्या की पत्र्याखाली पडून राहतात, मग राखणदाराकडे जातात, राखणदाराकडून कशेळ्याच्या वरच्या एखाद्या वाडीत. शहरातल्या माणसाचं खेळणं तिथे पोचेपर्यंत वाहन झालेलं असतं. पण तोवर टाकीवर एका कंपनीचं नाव असतं, इंजिन दुसरीचं आणि पुढचं चाक तिसरीचं. कागद असलेच, तर कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी यांची एकमेकींशी ओळख उरलेली नसते.

म्हणून उज्वलाने वाड्यांवरच्या लोकांना एक रीत लावून दिली होती. पार्ट काढून आणू नका, गाडी उभी राहते. ठसा आणा. कपड्याच्या साबणाची वडी जराशी ओली करायची, पार्टावर दाबायची. दाता न् दाता उमटतो. दुकानाचा खालचा खण अशा निळ्या-पिवळ्या वड्यांनी भरलेला असे. तिचा नवरा रत्नदीप म्हणायचा, "घरात शर्ट धुवायला साबण नाही आणि इथं साबणाला गिअर पडलेत."

मातीचा ठसा मात्र पहिलाच.

"साबण कुठंय?" तिने शुक्राला विचारलं.

"वनिता म्हणाली, साबण कशाला नासायचा? चुलीला लिंपायची माती हाय, ती चांगली बसती."

खरंच चांगली बसली होती. साबणापेक्षा कडा जास्त स्वच्छ होत्या. उज्वलाला ते आवडलं.

वनिता शुक्राची बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाल्याला आता बरेच महिने झाले होते. सोमवारी आणि गुरुवारी तिला कर्जतला यावं लागे, रक्त धुवायला. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत जीप येत नाही. दगडांची पायवाट आहे, मधे दोन नाले. तेवढं अंतर ती शुक्राच्या गाडीवर उतरत असे, पुढे कशेळ्यापर्यंत त्याच गाडीवर आणि तिथून जीपने. संध्याकाळी तशीच परत. किक गेल्यापासून गाडी फक्त उतारावर चालू होई. म्हणून शुक्रा ती नेहमी उतारावर उभी करायचा, मागच्या चाकाला दगड लावून. उतरणं जमत होतं. पण काल येताना चढावर गाडी बंद पडली. पुन्हा खाली नेऊन, सोडून, वर आणेपर्यंत वनिता वाटेतल्या खडकावर बसून राहिली होती, डोकं गुडघ्यात घालून.

"माझा भाऊ म्हणतो, दहिवलीला खोली घे. तिला खाली ठेव," शुक्रा म्हणाला.

"आणि ती काय म्हणते?"

"ती म्हणती, मला खाली नेऊन ठेवायचं असंल तर गाडीबरोबर मलाबी इकून टाक." त्याने तुटलेली वेल बोटाला गुंडाळली. "पण सोमवारपरत किक नाय बसली, तर खोली बघावीच लागंल. काल तिचं तोंड बघवत नव्हतं."

उज्वलाने व्हर्नियर काढलं. खड्डा मोजला, दाते मोजले, पुन्हा मोजले. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक किक काढली आणि तिचं भोक ठशाशेजारी धरलं. जुळत होतं. अगदी जुळत होतं.

"ही," ती म्हणाली. "बोल्ट घट्ट आवळ. नाही तर उद्या पुन्हा जंगल धुंडाळशील."

शुक्राच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. किक पिशवीतही न टाकता तो ती हातात धरूनच स्टँडकडे गेला.

उज्वला लहानपणी खालापूरच्या बाजूला भंगाराच्या आवारात वाढली. आई तिथे लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वेगळं करायची; ही शेजारी बसून हाताला येईल ते चाचपायची. पुढे रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, पण एका जागी बसून एकसारखे डबे बंद करणं तिला सोसलं नाही. हातांना काही ओळखायचं नसलं की ते अस्वस्थ होतात, असं ती सांगते. लग्नात जेवायला बसली तरी टेबलाखालचा नट चाचपून बघते. रत्नदीप तिला बघायला आला होता तेव्हा तिने त्याच्याआधी दारातल्या त्याच्या गाडीकडे पाहिलं आणि चहा देता देता विचारलं, "क्लच दुसऱ्या गाडीचा का लावलाय?" रत्नदीप हे अजून सगळ्यांना सांगतो. पुढे जोडतो, "मी कुठल्या गाडीचा आहे, ते मात्र अजून नाही ओळखलंन."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. शुक्राकडे बटनांचा फोन होता आणि वाडीत आवाज फक्त एका कातळावर पोचतो. वाऱ्याची घरघर आधी ऐकू आली, मग तो.

"ताई, नाय बसत."

"का नाही बसत?"

"भोक बारीक हाय. टोकावर टेकती नि थांबती. ठोकू?"

"नको!"

"दोनदा ठोकली."

"शुक्रा, हातोडी खाली ठेव. शाफ्टचे दाते गेले तर इंजिन खोलावं लागंल, मग सोमवार इसर. ठेवलीस?"

"ठेवली."

"लांब ठेव रं."

फोन बंद झाला. उज्वला गिऱ्हाईकाला ब्रेकची वायर देत होती ती तशीच काउंटरवर राहिली. शुक्राच्या गोळ्याचा ठसा तिने खणात नव्हता टाकला. वजनाच्या काट्याशेजारी ठेवला होता. तिने पुन्हा व्हर्नियर लावलं, वाचलं, आणि पट्टी पुसून परत वाचलं.

काल आलेलं माप आज नव्हतं. आजचं कमी होतं. केसभरच, पण कमी.

ती गोळा उजेडात घेऊन गेली. कडेपासून खड्ड्यापर्यंत एक बारीक भेग गेली होती, चूल लिंपल्यावर दुसऱ्या दिवशी पडते तशी. माती वाळत होती. वाळता वाळता आकसत होती, आणि तिच्याबरोबर तो खड्डाही. काल शुक्राच्या पुडीतून ती बाहेर आली तेव्हाच निम्मी आकसलेली असणार. साबण असा आकसत नाही, म्हणून तिने विचारच केला नव्हता. ठसा सुंदर उमटलाय, एवढंच पाहिलं होतं.

रविवारी रसायनीला रत्नदीपच्या भाचीचा साखरपुडा होता. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला, तर ही जुन्या पंजाबी ड्रेसवर, खांद्याला कापडी झोळी अडकवून.

"साखरपुड्याला भंगार नेतात का?" त्याने विचारलं.

"मला आबाजींच्या आवारात सोडा. मग कशेळ्याला. मग तुम्ही जा."

"खालापूर एका टोकाला, कशेळं दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी. माती किती आकसली त्याचा हिशेब कर ना. तू एवढी हुशार."

"तिनं मातीत पाणी किती घातलं होतं ते मला ठाऊक नाही. ऊन किती लागलं ठाऊक नाही. कशाचा हिशेब करू?" ती गाडीवर बसलीसुद्धा. "अहो, चला ना. मी चुकीची दिलीय."

हे शेवटचं वाक्य ती फारसं बोलत नाही. रत्नदीपने किल्ली फिरवली.

आबाजींचं भंगाराचं आवार जुन्या हमरस्त्याला लागून आहे. म्हातारा खाटेवर पाय सोडून बसला होता. उज्वला इंजिनांच्या ढिगाऱ्यात वाकली, आणि उठली तेव्हा तिच्या हातात किका होत्या; लांब, आखूड, दुमडणाऱ्या, न दुमडणाऱ्या. सगळ्यांची भोकं ठशाच्या पहिल्या मापापेक्षा मोठी, पण प्रत्येकीचं वेगळं.

"एका नवरीला एवढे नवरे?" आबाजी म्हणाले.

"नवरी बघितली नाही मी, आबा. नुसता फोटो आला होता, तो पण आकसलेला."

"मग आधी बघून ये की पोरी."

"बघून इथं परत यायचं, मग पुन्हा तिथं जायचं, तर सोमवार उलटंल."

कशेळ्याच्या नाक्यावर शुक्रा गाडी चालू ठेवूनच उभा होता. बंद करायची सोय नव्हती. रत्नदीपने ती पाहिली. टाकी निळी, इंजिन काळं, मडगार्ड कुठलं तरी पांढरं. "हिची जनगणना करायला पाहिजे," तो म्हणाला आणि साखरपुड्याला गेला.

डांबर संपलं आणि वाट दगडांवर चढली. काटेसावरी फुलल्या होत्या, वाटेवर लाल फुलं चेंगरून पडलेली. उज्वला मागे बसून झोळी पोटाशी धरून होती, आतल्या किका एकमेकींवर वाजत होत्या. दुसरा नाला ओलांडून चढ सुरू झाला, तेवढ्यात शेळ्या आडव्या आल्या. शुक्राने वेग कमी केला. इंजिनाने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं.

शेळ्या निघून गेल्या. एकाएकी फार शांत वाटलं.

"आता खाली न्यायची," शुक्रा म्हणाला, "नाल्यापरत."

"थांब. धरून ठेव."

ती वाटेतच उकिडवी बसली. शाफ्टचं टोक इंजिनातून बोटभर बाहेर आलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. मातीत पाहिलेल्या दात्यांपेक्षा हे दाते जाड, थोरले होते, आणि एका जागी शुक्राच्या हातोडीने चपटे केलेले. खिशातली छोटी कानस काढून तिने तेवढी जागा हळूहळू साफ केली. मग पहिली किक. ढिली, नुसतीच फिरली. दुसरी टोकावर अडली. शुक्रा म्हणाला, "तीच, जरा जोर लावा," आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो नाल्याकडे बघू लागला. तिसरी उभी धरून तिने डोळे मिटले, थोडी डावीकडे वळवली. किक सरकली. ठोकावं लागलं नाही, दाबावंही लागलं नाही. दाते दात्यांत गेले.

"मार."

शुक्राने उभं राहून किक मारली. दुसऱ्या वेळेला गाडी चालू झाली. तो एवढा हसला की त्याला शेळ्या गेल्या तिकडे तोंड फिरवावं लागलं.

पण थोडं वर गेल्यावर उज्वलाने त्याला थांबवलं. किक चालत होती. बसून राहत नव्हती. तिचा दांडा दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी वाकवलेला होता, त्यामुळे दगडावरून गाडी उडाली की ती खाली येऊन ब्रेकच्या पायडलवर आदळायची. उतारावर असा ब्रेक लागला तर मागचं माणूस पुढे फेकलं जाईल. मागचं माणूस म्हणजे वनिता. उरलेल्या किका तिने लावून पाहिल्या, एकही शाफ्टवर गेली नाही. मग व्हर्नियरने शाफ्टचंच माप घेतलं आणि तीच किक हातात घेऊन चालू गाडीवर बसली.

"म्हणजे?" शुक्राने मान वळवून विचारलं.

"लावायची, मारायची, काढायची. तूर्तास असं." आणि स्वतःशीच, "ही ती नाही."

वनिता ओट्यावर बसून वाल सोलत होती. बारीक झालेली, डाव्या हाताची शीर सुईने टम्म फुगलेली. तिने उज्वलाला चहा दिला, स्वतः घेतला नाही. दिवसाला किती पाणी प्यायचं ते तिला ठरवून दिलेलं होतं.

"ताई, माझ्या मातीनं घात केला म्हणं."

"माती चांगली होती. मी चुकले."

"मंग दोघींनी मिळून केला." वनिता हसली. किक हातात घेऊन तिने वजन पाहिलं. "ही लावायची नि काढायची. एवढंच ना?"

"आत्तापुरतं. नीट वाकवून आणली की कायमची बसंल." उज्वला म्हणाली. मग बोलायचं नव्हतं तेही बोलली. "खोली घेतलीस तर एवढा त्रास नाही होणार तुला. दहिवलीला माझ्या घराजवळ आहेत खोल्या."

वनिताने सोललेले वाल सुपात टाकले.

"खोलीत काय करू? सोमवारची वाट बघू, मंग गुरुवारची? इथं मधल्या दिवशी मी माझी असते."

त्या रात्री घरी उज्वलाला झोप लागली असेल असं रत्नदीपला वाटत नाही. तिच्या डोक्यात ती किक वाकत होती. किती अंशाने, कुठल्या जागी, लोहाराकडे भट्टीत की गॅसने. सकाळी दुकान न उघडता ती कर्जतला दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

जीपमधून वनिता एकटीच उतरली. खांद्याला पिशवी होती. शुक्राने गाडी कशेळ्याला एका दुकानाच्या अंगणात लावली होती आणि तो एका फार्महाऊसवर कामाला गेला होता.

"आली ना नीट?" उज्वलाने विचारलं.

"आली की. नाल्यात बंद पडली, यानं लावली, मारली, पुन्हा चालू. मी उतरलीबी नाय."

"आणि किक?"

वनिताने पिशवीवर हात ठेवला. "माझ्याकडं. याच्याकडं दिली तर परत हरवंल. आणि वाडीतला कोनबी येतो, जरा गाडी दे म्हणतो, हा देतो. आता कशी देतो बघू."

"दे इकडे," उज्वला म्हणाली. तिचा हात आधीच पुढे आला होता. "तू आत चार तास असशील. तेवढ्यात तापवून वाकवून आणते. बाहेर येशील तेव्हा तयार."

वनिताने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"नको, ताई."

"अगं, काढायची-घालायची कटकट जाईल."

"वाकवताना मोडली तर?"

"नाही मोडणार."

"ठशाच्या वेळंलाबी तुमी 'ही' म्हणून दिली व्हती."

हे ती चिडून म्हणाली नाही. दर वारी इथे येऊन तिला आता बोलण्याची घाई उरली नव्हती. उज्वलाचा हात तसाच पुढे राहिला, मग तिने तो ओढणीला पुसला.

"ही काय लई ग्वाड नाय," वनिता म्हणाली. "पण चालती. दुसरी, बरोब्बर बसणारी, सापडली की घेऊन या. ती बसली की मंग ही वाकवा नायतर इका. तवर ही माझ्याकडं र्‍हाऊ दे. संध्याकाळी मला घरला जायचंय."

आतून नाव पुकारलं गेलं. वनिता गेली. पिशवी तिने नर्सबाईंनाही दिली नाही. खाटेवर उशाशी घेतली, हे दाराच्या काचेतून दिसलं.

उज्वला बाकावर बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. मग तिने पर्समधून कागद काढला आणि काल शाफ्टवरून घेतलेलं माप त्यावर लिहिलं. आबाजींना फोन लावला.

"आबा, जय भीम. अजून गाड्या कुठे पडल्यात तुमच्या माहितीत? उंच गाड्या. चौक गावाला? नाही, उद्या नाही. आत्ता निघते."